सहाव्या बदामाखाली

गोधड्या शिवणाऱ्या त्या बाईचा एकच नियम होता, आणि तेवीस वर्षांत तिनं तो एकदाही मोडला नव्हता. आधी पाणी, मग कात्री. कापड कोरं असो की वापरलेलं, घरचं असो की गिऱ्हाइकाचं, ते धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच तिच्या टेबलावर यायचं. न धुतलेलं कापड शिवल्यावर आटतं, रंग सोडतं, आणि मग गिऱ्हाईक दारात येऊन तोंड सोडतं, असं ती म्हणायची. पट्टी आणि टेप यांच्याशिवाय तिचं पान हलत नसे. कुणाला साधी पिशवी शिवून द्यायची तरी आधी वहीत आकडे, मग कापड. गल्लीत सगळे तिला मोजताई म्हणायचे आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

बुधवारी सकाळी तिची धाकटी बहीण बोचकं घेऊन आली. धाकटीच्या सासूबाई जाऊन तीन महिने झाले होते. त्याआधी दोन वर्षं त्या अंथरुणावरच होत्या.

"ताई, ह्यांना जेवणाच्या टेबलावर घालायला सहा मॅट हवेत," धाकटी बोचकं खाली ठेवत म्हणाली. "आईंच्या गाऊनचे. ठिगळं जोडून, आणि मधोमध पत्त्यातल्यासारखा एकेक बदाम. रविवारी ह्यांचे भाऊ, जाऊबाई आणि नणंद जेवायला येतायत. तूही ये. तोवर हवेत."

"चार दिवसांत सहा? मी काय मशीन आहे?"

"मशीन आहेच की तुझ्याकडे. तू नुसते पाय हलव."

मोजताई हसली. धाकटी मात्र हसली नाही. "आणि एक… धुवायचे नाहीत म्हणाले. आईचा वास जाता कामा नये."

"अगं, ताटाखाली ठेवायची वस्तू! न धुतलेल्या कापडावर जेवतं का कुणी?"

"मला काय सांगतेस? मी तर म्हणत होते, जाळून टाका. पण आई म्हटलं की ह्यांच्यापुढे कुणाचं चालतं?"

बोचकं सुटलं. मऊ सुती गाऊन, निळे, राखाडी, फिक्या गुलाबी फुलांचे. हे सगळे मोजताईनंच शिवलेले होते. आता एकाही गाऊनला गळा नव्हता. खांद्याच्या खाली आडवी कात्री चालवून प्रत्येकाचा वरचा भाग कापून टाकलेला.

"गळे कुठे गेले?"

"झिजले होते." धाकटी खिडकीकडे बघत होती. "बदामाला पाठीचं कापड पुरतं ना?"

ती गेली. जाताना तिनं चहासुद्धा घेतला नाही.

मोजताईनं त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा न धुतलेल्या कापडाला कात्री लावली. कागद दुमडून अर्धा बदाम कापला, उलगडला, पट्टीनं मापला. पाच इंच उंच, पाच इंच रुंद. खडूनं आखून कापड कापलं. प्रत्येक कापासरशी वास वर येत होता. आधी मलमाचा, मग बंद खोलीचा, आणि त्यांच्या खालून आणखी एक. तो मात्र चटकन ओळखू येईना. आंबट, गोडसर, जिभेच्या मुळाशी चिकटून बसणारा. तिनं खिडकी उघडली. जेवायच्या आधी हात दोनदा साबणानं धुतले, तरी घास तोंडाशी आला की बोटांना तोच वास. तिनं अर्धं ताट तसंच ठेवलं.

गुरुवारी दुपारी चौथ्या मॅटसाठी तिनं एक राखाडी गाऊन उचलला, तर त्याच्या घडीत दुसरा गुंडाळून कोंबलेला निघाला. हा धाकटीच्या नजरेतून सुटला होता. याला गळा होता.

म्हणजे गळ्याचं जे उरलं होतं ते होतं. पुढची पट्टी वाळून कडक झालेली, पिवळट, मेणचट. तिची कड कापलेली नव्हती, झिजलेलीही नव्हती. ती चावलेली होती. धाग्यांचे चघळून चघळून लगदे झालेले, त्यांच्या गुठळ्या वाळून कण्यांसारख्या टणक झालेल्या. काही ठिकाणी कापड गायबच होतं. गिळलेलं. आणि जिथं उरलं होतं, तिथं शेजारी शेजारी दोन लहान खाचा. पुन्हा दोन. पुन्हा दोन. सगळ्या गळ्याभर.

तो तिसरा वास कसला, ते तिला आता कळलं. वाळलेल्या लाळेचा. ती मोरीकडे धावली.

सासूबाईंना खालचे दोनच दात उरले होते. मोजताईला ते चांगलं ठाऊक होतं. गाऊनचं माप घ्यायला ती जायची तेव्हा गळ्याशी टेप नेला की म्हातारी तो त्या दोन दातांत धरून ठेवायची, सोडायचीच नाही. मोजताई हसून म्हणायची, "आजी, टेप खाऊ नका, बिल लावीन हं!"

म्हातारी हसत नसे. ती बारीक आवाजात म्हणायची, "जेवायला देता का गं कुणी?"

आणि धाकटी दारातूनच सांगायची, "आत्ताच जेवल्या. विसरतात. मागतील तेवढं दिलं तर अंथरूण कुणी बदलायचं?"

त्या घरी मोजताई कितीतरी रविवार जेवली होती. आतल्या खोलीतून तो आवाज यायचा, आणि ती पुन्हा भात घ्यायची.

तिनं माळ्यावरून जुनी वही काढली. सासूबाईंचं पान उघडलं. छातीचं माप, तिच्याच सुबक अक्षरात. अडतीस. पस्तीस. साडेबत्तीस. शेवटचं, एकोणतीस. दर चार-सहा महिन्यांनी एकेक आकडा. सगळ्या जगाची मापं घेणाऱ्या बाईनं हे आकडे लिहिले होते आणि वही मिटली होती.

बराच वेळ तो गळा टेबलावर पडून राहिला. फेकायचा तर कचरा उचलणारीच्या हाताला लागेल. जाळायचा तर वास गल्लीभर. आणि मेहुण्यांना दाखवायचा, तर धाकटीचा संसार तिथंच उसवला जाईल. गोधड्या शिवणारे लोक वाया गेलेली चिंधी टाकत नाहीत, ती गोधडीच्या पोटात भरतात. मोजताईच्या हातांनी तेच केलं. रात्री चौथा नि पाचवा मॅट झाल्यावर तिनं चिमट्यानं तो गळा उचलला, सहाव्या मॅटच्या कापसावर पसरला, वरून गुलाबी फुलांचा बदाम ठेवला आणि भोवती बारीक धावदोरा घातला. प्रत्येक टाका मोजून. एकशे बारा टाके. मग अस्तर, मग कडेला निळा गोट. बाहेरून कुणाला काही कळलं नसतं.

शुक्रवारी सकाळी सहावा मॅट ओला होता.

नुसता बदाम ओला होता. भोवतीची ठिगळं कोरडी ठणठणीत. तिनं वर छताकडे पाहिलं, गळतीचा डाग नाही. तिनं इस्त्री फिरवली. वाफ उठली ती थेट तिच्या तोंडावर, आणि ती वाफ कुणाच्या तरी श्वासासारखी होती. उपाशी तोंडाचा वास कसा असतो, ते ज्यानं आजाऱ्याजवळ बसून दिवस काढलेत त्याला सांगावं लागत नाही. कापड वाळलं. दुपारी पुन्हा ओलं. बोट लावलं तर बोटामागे बारीक तार ओढली गेली. पाण्याला तार सुटत नाही.

शनिवारी तिनं बदाम मापला. पाच इंच रुंद. उंची मात्र पावणेपाच. खालचं टोक नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग तिनं तो मॅट नेला कशाला? तिनंही स्वतःला तेच विचारलं. पण सहा सांगितले होते. पाच नेले तर मेहुणे विचारतील, आणि विचारलं की सांगावं लागेल.

रविवारी भर दुपारी, लख्ख उजेडात, सहा माणसं टेबलाभोवती बसली. मॅट पाहून मेहुण्यांचे डोळे भरून आले. "ताई, तुमच्या हाताला तोड नाही," ते म्हणाले. नणंदेनं आपला मॅट उचलून गालाला लावला. मोजताईला बघवेना. सहावा मॅट धाकटीच्या वाट्याला आला होता. धाकटीनंच मांडामांड केली होती, तिला काय ठाऊक!

जेवण सुरू झालं, आणि थोड्याच वेळात मोजताईला आवाज ऐकू आला.

चप… चप… चप…

बोळक्या तोंडाचा. हिरड्यांवर हिरड्या, मध्ये थुंकीची चिकट ओढ. सावकाश, एका लयीत. आधी तिला वाटलं, मेहुण्यांचे मोठे भाऊ तोंड उघडं ठेवून जेवतायत. त्यांच्या बायकोलाही तसंच वाटलं असावं.

"अहो, जरा तोंड मिटून," ती कुजबुजली.

"मी? मी तर पाणी पितोय."

एकेकाचा हात थांबला. सगळ्यांची तोंडं मिटलेली. आवाज थांबला नाही.

चप… चप…

"ताटाखालून येतोय," नणंद म्हणाली.

मेहुण्यांनी उठून धाकटीचं ताट उचललं. ताटाच्या बुडाला बदाम चिकटून वर आला आणि लिबलिबीत आवाज करत सुटला. ताटापासून मॅटपर्यंत दोन-तीन तारा लोंबत राहिल्या. बदाम निम्माच उरला होता. कडेला ओल्या धाग्यांच्या गुठळ्या. ताटातल्या भातावर वास पसरला. नणंदेनं तोंडावर हात दाबला आणि ती मोरीकडे पळाली.

मेहुणे वाकले. त्यांनी वास घेतला. माणूस आपल्या आईचा वास विसरत नाही.

"ताई…" ते म्हणाले. "हा आईच्या गाऊनचा गळा आहे का आत? ती शेवटी शेवटी गळा तोंडात धरायची. मी विचारलं तर ही म्हणायची, सवय आहे. ताई, तुम्ही शिवलंत. तुम्ही पाहिलं असेल. सवयच होती ना?"

सगळे तिच्याकडे बघत होते. धाकटी सर्वांत जास्त.

इथं ती बोलू शकली असती. वहीतले चार आकडे तिला तोंडपाठ होते.

"गळे माझ्याकडे आलेच नाहीत," मोजताई म्हणाली. "कापड जुनं होतं, विरलं. धुवायला हवं होतं. आधी पाणी, मग कात्री, मी नेहमी सांगते."

मेहुण्यांनी मान डोलावली. त्यांना ते खरं मानायचं होतं. आणि धाकटीनं टेबलाखालून बहिणीचा हात धरून दाबला, घट्ट, प्रेमानं. तिचा तळवा घामानं ओला होता. त्या स्पर्शाची जितकी किळस आली तितकी मोजताईला त्या बदामाचीही आली नव्हती. पण तिनं हात सोडवून घेतला नाही.

आवाज मात्र बंद झाला होता. तिनं "गळे आलेच नाहीत" म्हटलं त्याच क्षणी.

तो मॅट तिनं कागदात गुंडाळून घरी आणला आणि संध्याकाळच्या आत उसवायला घेतला. बदामाची खालची बाजू खाल्लेली होती, पण आतला कापूस अखंड होता आणि अस्तराचा टाका न् टाका जागच्या जागी. तिनं कापूस पिंजून पाहिला. गळा आत नव्हता.

यावर पंधरा दिवस गेले. धाकटी ठणठणीत आहे. रोज फोन करते, हसते, नवे पडदे शिवायचे म्हणते. मोजताई दोन्ही वेळा पोटभर जेवते, कधी कधी तिसऱ्यांदाही. जेवून हात धुतला की पोटात पुन्हा खड्डा पडतो.

काल तिचा घरातला झगा खांद्यावरून घसरायला लागला. शिंपिणीच्या सवयीनं तिनं टेप घेतला आणि छातीभोवती धरला. गेल्या महिन्यात अडतीस होतं. आता पस्तीस. ती वही उघडून बसली, आणि आकडा कुठल्या पानावर लिहावा ते तिला सुचेना.

लिहायला ती खाली वाकली, तेव्हा झग्याचा गळा हनुवटीखाली लागला. ओला होता. तिनं चाचपून पाहिलं. कडेला शेजारी शेजारी दोन लहान खाचा होत्या.

तिनं जीभ फिरवली. तिचे सगळे दात शाबूत होते.

आणि कापडावरची ती ओल गार नव्हती. कोमट होती.