बंद राहण्याचा हक्क

सांगलीच्या न्यायालयात आता साक्षीदार बोलत नसत. शपथ झाली की ते खुर्चीत बसत, डोक्यावर जाळीची टोपी चढवली जाई आणि त्यांनी जे पाहिलं ते समोरच्या पडद्यावर उमटे. या यंत्राला स्मृतिवाचक म्हणत. साक्षीदाराने खोटं बोलायचा प्रश्नच उरला नव्हता, कारण त्याला बोलावंच लागत नसे. नाही म्हणायची सोयही नव्हती. ती सोय साऱ्या न्यायालयात फक्त आरोपीला होती.

आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही, असं संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदात आधीपासूनच होतं. स्मृतिवाचनाचा कायदा आला तेव्हा या वाक्याला कोणी हात लावला नाही. त्यामुळे झालं असं, की ज्याच्यावर संशय नाही त्याचं डोकं उघडता येई आणि ज्याच्यावर संशय आहे त्याचं मात्र त्याच्या परवानगीशिवाय उघडता येत नसे.

विद्याधर सबनीस याच हक्काच्या आडोशाला बसला होता. बेदाण्याच्या एका शीतगृहाचा तो व्यवस्थापक. एका संध्याकाळी शीतगृहाला आग लागली आणि आत अडकलेला पहारेकरी होरपळून गेला. मुख्य दरवाजाची चावी विद्याधरकडे होती. त्या वेळी तू कुठे होतास, या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याने पहिल्याच दिवशी नकार दिला.

तो कुठे होता हे त्याच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं. रेवती त्या संध्याकाळी त्याच्या मागोमाग गेली होती. शीतगृहाची विद्युत अभियंता मंजिरी घोरपडे विश्रामबागेत एकटी राहत असे. रेवतीने त्याला तिच्या इमारतीत शिरताना पाहिलं आणि समोरच्या औषधाच्या दुकानापाशी ती उभी राहिली. बऱ्याच वेळाने तो धावत जिना उतरला, तेव्हा आगीचे बंब रस्त्यावरून निघालेले होते.

तुरुंगातल्या भेटीत ती त्याला म्हणाली, "खुर्चीत बस. ती संध्याकाळ दाखव आणि मोकळा हो."

"नको."

"आत सडायचंय का तुला?"

"सडेन. पण ते माझ्यापाशी राहू दे."

घरी येताना रेवतीच्या डोक्यात एकच घोळत होतं. त्या खोलीत असं काय झालं होतं, की ते जपण्यासाठी हा माणूस जन्मठेप पत्करायला निघाला होता? तिची स्वतःची एखादी गोष्ट त्याने कधी एवढी जपली होती का? लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला एकही आठवेना. मंजिरीच्या मात्र एका संध्याकाळसाठी त्याने स्वतःभोवती भिंत उभी केली होती.

ती न्यायालयाच्या प्रयोगशाळेत गेली. तिथल्या डॉ. प्रज्ञा मेश्राम हे यंत्र चालवत.

"डॉक्टर, यात नुसतं घडलेलं दिसतं, की मनातलंही?"

"दोन्ही," डॉक्टर म्हणाल्या. "आठवण मेंदूत फोटोसारखी टांगलेली नसते. एखाद्या प्रसंगी पेशींचं एक जाळं पेटतं. पुढे तोच वास, तीच जागा समोर आली की तेच जाळं पुन्हा पेटतं. आम्ही ते पेटणं वाचतो. आता, ते जाळं टिकून राहतं ते त्या वेळच्या भावनेमुळे. त्यामुळे भावना गाळून आठवण काढता येत नाही. पडद्याच्या खाली एक रंगीत पट्टी दिसते ना, तिला आम्ही भावपट्टी म्हणतो. भीती करडी, राग तांबडा, मत्सर जांभळा."

"आणि माया?"

"पिवळी. जितकी जास्त, तितकी गडद."

रेवतीने विचारलं, "त्याच्यावरचा आरोप मागे घेतला गेला, तर?"

"तर ते साक्षीदार होतील. मग त्यांना नाही म्हणता येणार नाही." डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "लोकांना वाटतं, आरोपातून सुटला म्हणजे माणसाला सगळं परत मिळालं. हा बंद राहण्याचा हक्क मात्र त्याच दिवशी जातो. तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा, पण मग तुम्हालाही खुर्चीत बसावं लागेल. तुमचं मनही लोक पाहतील."

"पाहू देत," रेवती म्हणाली.

तिची साक्ष झाली. पडद्यावर औषधाचं दुकान आलं, समोरची इमारत आली, दुसऱ्या मजल्यावरची उजेडाची खिडकी आली. खाली भावपट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जांभळी होती, इतकी की मागच्या बाकांवर कुजबुज झाली. विद्याधरने मान खाली घातली होती. त्याने एकदाही पडद्याकडे पाहिलं नाही.

आगीच्या वेळी तो तिथे नव्हता हे सिद्ध झालं. न्यायाधीशांनी त्याला आरोपमुक्त केलं आणि त्याच आठवड्यात सरकारी वकिलांनी त्याला साक्षीला बोलावलं. आग जुनाट वायरिंगमुळे लागली होती. मालकाला ते ठाऊक होतं का, हे आता शोधायचं होतं.

विद्याधरला टोपी चढवली तेव्हा रेवती पहिल्या रांगेत बसली होती.

मंजिरीची खोली दिसली. टेबलावर चहाचे दोन कप, वायरिंगचा नकाशा. मंजिरी सांगत होती की मालक ऐकत नाहीत, हे कधीही पेट घेईल. "उद्या मी बोलतो त्यांच्याशी," विद्याधरचा आवाज आला. कोणी कोणाच्या जवळ गेलं नाही. पण रेवतीचं लक्ष चित्राकडे नव्हतंच. खालची पट्टी फिकट पिवळी होती.

मग तो खिडकीपाशी गेला. खाली, रस्त्यापलीकडे, रेवती उभी होती. पट्टी क्षणभर करडी झाली आणि मग गडद पिवळी होत गेली. त्याने पडदा हळूच ओढून घेतला, आपण पाहिलं हे तिला कळू नये म्हणून.

बाहेरच्या व्हरांड्यात रेवतीने विचारलं, "तू मला पाहिलं होतंस?"

"हो."

"मग पोलिसांना का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर त्यांनी तुलाच बोलावलं असतं. तू तिथे कशी उभी होतीस ते मी पाहिलं होतं, रेवती. ते गावाने पाहावं असं मला वाटत नव्हतं. मंजिरीलाही मीच गप्प राहायला सांगितलं."

यापुढे काही विचारायला नको होतं. तिलाही ते कळत होतं. तरी ती म्हणाली, "पण मी दिसायच्या आधीसुद्धा पट्टी पिवळीच होती."

विद्याधर एकटाच पायऱ्या उतरला.

मालकाविरुद्धचा पुरावा अपुरा होता. वायरिंगची जबाबदारी म्हणून मंजिरीही आता आरोपी झाली होती, त्यामुळे तिचं डोकं उघडता येत नव्हतं. वायरिंगबद्दल विद्याधर आणि मंजिरी यांच्यात वर्षभरात जेवढं बोलणं झालं, तेवढं सगळं वाचायचं, असा आदेश निघाला. आता प्रत्येक भेट दिसणार होती आणि प्रत्येक भेटीखालचा रंगही. घरात रेवती विद्याधरशी फार बोलेनाशी झाली. वाट पाहण्यात तिला एक विचित्र सुख वाटू लागलं.

वाचनाच्या दिवशी सकाळी विद्याधर आवरून बाहेर पडला आणि न्यायालयाऐवजी पोलीस ठाण्यात गेला. वायरिंग धोक्याची आहे हे माहीत असताना यंत्रं चालू ठेवण्याचा हुकूम मीच दिला, मालकाला यातलं काही ठाऊक नव्हतं, ते ऐकत नाहीत असं मंजिरीला मीच खोटं सांगत आलो, असं त्याने सांगितलं. दुपारपर्यंत तो पुन्हा आरोपी झाला. वाचनाचा आदेश रद्द झाला.

रेवती प्रयोगशाळेत धावत गेली. "तो खरं सांगतोय का, डॉक्टर? तुम्ही बघू शकता ना?"

"कालपर्यंत बघता आलं असतं," डॉ. मेश्राम म्हणाल्या. त्या टेबलावरची टोपी पुसत होत्या. "गेल्या काही महिन्यांत असा कबुलीजबाब देणारे ते पहिले नाहीत. कोण खरंच अपराधी आहे आणि कोण नुसता डोकं बंद करून घ्यायला आलाय, हे आम्हाला आता ओळखता येत नाही."

भेटीच्या दिवशी विद्याधर जाळीपलीकडे येऊन बसला. दाढी केलेली होती. झोप झालेली दिसत होती. त्याने घरच्या पाण्याच्या मोटारीची चौकशी केली, तिच्या गुडघ्याची केली. रेवतीने उत्तरं दिली. बोलता बोलता तो मध्येच थांबला, कुठेतरी दूर पाहू लागला आणि त्याच्या ओठांवर अगदी पुसटसं हसू आलं.

त्याला काय आठवलं होतं? कदाचित समोर बसलेली रेवतीच आठवली असेल. रेवती जाळीला कपाळ टेकून त्या हसण्याकडे पाहत राहिली, आणि त्या बंद डोक्यात त्याच्याबरोबर जे कोणी होतं, त्याचा तिला मरणाचा हेवा वाटला.