अण्णा पाटी वाजवून बघायचे

मला भुतंखेतं आवडत नाहीत. ती रंगवून सांगणारी माणसं तर त्याहून नाहीत. तरी लिहितेय, कारण हे माझ्याच घरात, बसवनगुडीत, गेल्या महिन्यात दिवसाढवळ्या घडलंय. खोटं वाटलं तर खुशाल दुसरी गोष्ट वाचा.

माझे सासरे उमाजी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी पाटीच्या काळ्या दगडावर नावं आणि वेलबुट्टी कोरली. छिन्नी लावण्याआधी प्रत्येक दगड बोटाच्या पेरानं तीनदा वाजवायचे. खणखणीत वाजला तर ठेवायचे. बद्द वाजला तर आत भेग आहे, पापुद्रे सुटणार. तो सरळ बाहेर.

गेल्या वर्षी अण्णा गेले.

मग आमच्या गिरीराजांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कला सुचली. नोकरी सोडली. दोन दिवसांचं शिबिर केलं, दाढी वाढवली, ॲप्रन आणला. झाले कलाकार! दगड वाजवून बघणं त्यांना जुनाट वाटायचं. मशीन आहे ना, म्हणायचे.

देवनहळ्ळीच्या एका नव्या बंगल्याची नावाची पाटी करायची होती. पहिलंच मोठं काम. भोवती मोगऱ्याची वेल. वेल कसली, शेवया सांडल्यासारख्या दिसत होत्या.

रविवार. दुपारचे तीन. मी भांडी पुसत होते. मागच्या पडवीतून आवाज आला...

टक. टक. टक.

चला, उशिरा का होईना, अक्कल आली, असं मनात म्हणत मी बघायला गेले.

गिरीराज हॉलमध्ये सोफ्यावर घोरत होते.

पडवीत कुणीच नव्हतं. पाटीवरच्या धुळीत मात्र... पेराएवढे तीन ठिपके.

आवाज बद्द होता.

सोमवारी सकाळी पाटीचे दोन तुकडे झालेले. गिरीराजांनी दगड विकणाऱ्याला शिव्या घातल्या. स्वतःला सोडून सगळ्यांना घातल्या.

पुढचा रविवार. पुन्हा तीन. या वेळी दोघांनी ऐकलं. भिंतीशी सहा नव्या पाट्या उभ्या होत्या. एकेक वाजत गेली...

पाच खणखणीत. सहावी बद्द.

सहावी दुसऱ्या दिवशी फुटली.

गिरीराज पांढरेफटक पडले. एवढाच यांचा धीर. मी म्हटलं, "अण्णाच ते. तुम्ही टाळता ते काम करून जातात. स्वल्प लाज वाटू द्या आणि स्वतः वाजवायला लागा."

"सरी, बरं," म्हणाले. आणि खरंच वाजवायला लागले.

तिसरा रविवार. तीन वाजून गेले. पडवी गप्प. माझंच खरं ठरलं म्हणून मी खुशीत होते. गिरीराज सोफ्यावर उताणे, तोंड उघडं. मी शेजारी बसून त्यांच्या घोरण्यालाही नावं ठेवत होते.

तेवढ्यात घोरणं थांबलं...

छातीवर शर्टाचं कापड जरासं दबलं.

टक. टक. टक.

बद्द.

ते जागे झाले नाहीत. मी मात्र तेव्हापासून नीट झोपलेले नाही. काहीतरी निमित्त काढून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. सगळे रिपोर्ट चांगले आले.

दगड दुसऱ्या दिवशी फुटायचे. माणसाला किती दिवस लागतात, हे अण्णांनी कधी सांगितलं नव्हतं. आज अकरावा दिवस आहे. मला भीती वाटते.

त्यांना मी काहीच बोललेले नाही. फक्त टोमणे बंद केलेत. काल तर म्हटलं, वेल छान जमलीय.

गिरीराज हसले नाहीत. छिन्नी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिले.

"भव्या," त्यांनी हळूच विचारलं, "तू काय ऐकलंस?"