सहावं घर

वापरलेलं रिव्हॉल्व्हर घेताना मिली हॉर्न्याक सगळ्यात आधी स्क्रू बघायची. नळी, चाप, घोडा यांची पाळी नंतर. स्क्रूच्या डोक्यावरची खाच चेपलेली दिसली, की कुणीतरी हौशी माणसानं जेवणाच्या टेबलावर बसून आत बोटं घातली आहेत हे तिला कळायचं. असं हत्यार ती परत दुसऱ्यांदा हातात घ्यायची नाही. त्या हिवाळ्यात तिनं दोन नाकारली होती. पहिल्याचे स्क्रू चेपलेले होते. दुसरं वरून अगदी झकपक, पण घोडा मागे ओढून चक्राला अंगठा लावला तर चक्र पडायला आलेल्या दातासारखं हलत होतं.

"मिली, नवरा करतानासुद्धा एवढं पाहिलं नसशील," दुकानदार म्हणाला.

"नाही पाहिलं, म्हणूनच आता पाहते."

मिली एकसष्ट वर्षांची होती. पेनसिल्व्हेनियातल्या त्या गावातल्या कोळशाच्या खाणी कधीच्या बंद पडल्या होत्या, पण स्लोव्हाक मंडळाचा हॉल चालू होता, आणि हॉलच्या तळघरातली चांदमारीही. रविवारी प्रार्थना आटोपली की वरच्या मजल्यावर बायका कोबी चिरायला बसायच्या आणि मिली खाली जायची. तीस वर्षं ती तिथं नेम धरत होती. 'मास्टर' हा वरचा वर्ग तिच्यापासून एका पायरीवर होता, आणि ती पायरी वर्षानुवर्षं तशीच राहिली होती. गेल्या शरदात तिचा उजवा हात कापायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढतच जाणार असं सरळ सांगून टाकलं. मिलीनं घरी येऊन चहा केला, अर्धा बशीत सांडला, आणि ठरवलं की या हिवाळ्यात मास्टर व्हायचंच. पुढच्या हिवाळ्यावर तिचा भरवसा नव्हता. तिचं जुनं रिव्हॉल्व्हरही झिजून गेलं होतं. हात आणि हत्यार दोघांनी एकदम दगा दिला तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

डुबिचबाईंची बातमी तिला कॅझनं दिली. कॅझ हा गावातला खाटीक. त्याच्या सॉसेजना चार गावांत नाव होतं, आणि रविवारी तळघरातल्या चांदमारीची शिस्त तोच सांभाळायचा.

"नदीपलीकडचा क्लेम डुबिच आठवतो? वारला बघ, दोन वर्षं झाली. त्याचं रिव्हॉल्व्हर म्हातारी विकतेय म्हणे. पण सांभाळून, दोघांना तिनं दारातून परत पाठवलंय."

"जास्त पैसे मागते का?"

"छे. त्यांचे हात बघितले म्हणे, आणि नको म्हणाली."

वर्ना डुबिच ऐंशीच्या घरातली, बारीक चणीची बाई होती. मिली गेली तेव्हा ती लोण्यावर कोबी आणि शेवया परतत होती. तिनं हात पुसले, कपाटातून तेलकट फ्लॅनेलची घडी काढली, रिव्हॉल्व्हर उघडलं, चक्रातली काडतुसांची सहाही घरं रिकामी असल्याचं आधी स्वतः पाहिलं, मग मिलीला दाखवलं आणि मगच तिच्या हातात दिलं. रीतीची माणसं अशीच देतात. मिलीला बाई तिथंच आवडली.

स्क्रू कोरे होते. चक्र घट्ट बसत होतं. नळीच्या मागे पांढरा कागद धरून तिनं आत डोकावलं, तर गोळीला फिरकी देणारे आतले पीळ टोकापर्यंत स्वच्छ, धारदार. तोंडाजवळचा निळा रंग तेवढा उडालेला. मग तिनं एकेक घर उजेडाकडे धरलं. पाच घरांच्या आत जळलेल्या दारूची काळपट कडी होती, वर्षानुवर्षं वापरलेल्या हत्यारात असते तशी. सहावं घर मात्र लख्ख होतं. त्यात कधी काडतूस उडालेलंच नव्हतं. त्याच्या कडेला कानशीनं घातलेली एक बारीक खूण होती.

हे पाहून दुसरं कुणी बिचकलं असतं. मिली खूश झाली. स्पर्धेत फेरी असते पाच गोळ्यांची, आणि रिव्हॉल्व्हरला घरं सहा. एक घर सगळेच रिकामं ठेवतात, पण हाताला येईल ते. या माणसानं जन्मभर एकच घर रिकामं ठेवलं होतं, चुकू नये म्हणून खूणही करून ठेवली होती. इतका नेमस्त माणूस हत्याराची हेळसांड कशाला करेल, असा तिनं हिशेब केला. त्या लख्ख घरानं तिच्या लेखी रिव्हॉल्व्हरची किंमत वाढवली.

तिनं मूठ हातात घेतली आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या मध्यावर नेम धरला. नळीच्या टोकावरची नेमाची माशी मागच्या खाचेत स्थिर उभी होती. हात कापत नव्हता.

"थांबला ना?" वर्नाबाई शेगडीकडे तोंड करूनच म्हणाल्या.

मिलीनं त्यांना हाताबद्दल काही सांगितलं नव्हतं. पण घरात येताना टोपी काढली, तेव्हा दिसलं असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. तिनं उडालेल्या रंगाचे कमी धरले, घट्ट चक्राचे जास्त धरले आणि योग्य वाटली ती किंमत सांगितली.

"ते दोघं याहून जास्त देत होते," वर्नाबाई म्हणाल्या.

"मग दिलं का नाहीत?"

"त्यांना गरज नव्हती. तू घेऊन जा. फक्त पाचच भरत जा. त्या खुणेच्या घरात काही घालू नकोस, ते क्लेमचं आहे."

"मी पाचच भरते. सगळेच पाच भरतात."

"मग झालं तर," वर्नाबाई म्हणाल्या आणि तिच्यापुढे शेवयांची ताटली ठेवली. कागदपत्रं दुसऱ्या दिवशी दुकानात झाली.

पहिल्या रविवारी मिलीनं नेमाचा नवा कागद टांगला, खुणेचं घर सोडून पाच गोळ्या भरल्या आणि पाच उडवल्या. कागद जवळ ओढला तर भोकं सहा. पाच इकडेतिकडे, पण सगळी चांगली. सहावं मधल्या काळ्या गोलाच्या ऐन मध्यावर.

"कुणीतरी शेजारून माझ्या कागदावर मारली," ती म्हणाली.

कॅझनं रांगेकडे पाहिलं. "शेजारी कोण? म्हातारे, तू एकटीच आहेस. बाकी सगळे वर डोनट खातायत."

दुसऱ्या फेरीला तो तिच्या मागे येऊन उभा राहिला आणि कानावरचे आवाजरोधक किंचित वर करून आवाज मोजले. पाच. कागदावर सहा. कॅझची थट्टामस्करी बंद पडली. त्यानं रिव्हॉल्व्हर मागून घेतलं, स्वतः पाच उडवल्या. पाचच भोकं. मिलीनं तिचं जुनं हत्यार चालवलं. पाचच भोकं, आणि तीही पेंड सांडल्यासारखी. पुन्हा डुबिचचं रिव्हॉल्व्हर मिलीच्या हातात आलं, आणि सहावं भोक ऐन मध्यावर हजर.

"परत देऊन टाक," कॅझ म्हणाला. "मला काही हे बरं दिसत नाही."

"नियम काय आहे? कागदावर भोकं जास्त झाली तर?"

"कमी गुणांची पाच धरायची. तुला माहीत आहे की."

"सगळ्यात जास्त गुणांचं कुठलं?"

कॅझनं कागदाकडे पाहिलं. मधलंच. ते वगळलं, की उरत होती ती मिलीची स्वतःची पाच.

"मग ते मला काही देत नाही आणि माझं काही घेत नाही," मिली म्हणाली. "कॅझ, मी तीस वर्षं वाट पाहिली. एका भोकासाठी मी घरी जाणार नाही."

तिचं ठरलं म्हणजे ठरलं, हे कॅझला माहीत होतं. त्यानं खांदे उडवले, पण तेव्हापासून तो मागे उभा राहायचा तो दोन पावलं आणखी लांब.

हिवाळाभर ती खाली जात राहिली. प्रत्येक सरावानंतर ती पांढऱ्या चिंध्या एकेका घरातून फिरवायची. पाच काळ्या निघायच्या, एक पांढरीशुभ्र. तळघर इतकं गार असायचं की बोलताना तोंडातून वाफ यायची, आणि तरी पेटी उघडून मूठ धरली की ती कोमट लागायची, नुकतीच कुणी खाली ठेवल्यासारखी. मिलीनं याचा फार विचार केला नाही. विचार करायला दुसरी, चांगली गोष्ट होती. सुरुवातीला रिव्हॉल्व्हर खाली ठेवताच हात कापायला लागायचा. मग तो साफसफाई होईपर्यंत स्थिर राहू लागला. मग गाडीपर्यंत. एका रविवारी घरी जाऊन तिनं चहा केला, कप टेबलावर आणला, आणि बशी कोरडी होती. मिली एकटीच खुर्चीवर बसून रडली. आनंदानं रडली, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

एवढंच की तो हात तिला जरा जड वाटायचा. बटणं लावताना तो तिच्याआधी पुढे जायचा.

मास्टरच्या निवडीची स्पर्धा ईस्टरच्या आधीच्या रविवारी होती. तळघरात रांग भरली होती. बाहेरगावचे परीक्षक आले होते. मिलीच्या प्रत्येक कागदावर सहा भोकं निघत होती. परीक्षकांनी कपाळाला आठ्या घातल्या, शेजाऱ्यांना विचारलं, नियम वाचला, कमी गुणांची पाच धरली. ती पाच पुरेशी होती. शेवटच्या फेरीला ती मास्टरपासून एका चांगल्या कागदावर होती.

तिनं पाच भरल्या.

हात उचलला. की हात उचलला गेला, ते तिला सांगता आलं नसतं. माशी खाचेत बसली आणि दगडात कोरल्यासारखी राहिली.

पाच आवाज.

कागद दोरीवरून सरकत जवळ आला. कॅझनं तो काढून घेतला, दिव्याखाली धरला, मोजला. पुन्हा मोजला.

"पाच," तो म्हणाला. "पाचच आहेत, मिली."

पाचही काळ्याच्या ऐन मध्यावर, एकमेकांत मिसळलेली. सहावं कुठंही नव्हतं. तिनं कागद उलटा करून पाहिला, मागची फळी पाहिली.

कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं.

मिलीनं चक्र उघडलं. पाच रिकाम्या पुंगळ्या काढल्या. खुणेच्या घरात चिंधी घालून फिरवली.

चिंधी काळी निघाली.

तिनं करंगळीनं त्या घराची कड चाचपली. गरम होती. पेटी बंद करताना तिनं मूठ शेवटची धरून पाहिली. ती थंडगार होती, साध्या लाकडासारखी.

वर हॉलमध्ये लोकांनी तिला बसूच दिलं नाही. कोबीचे रोल होते, बटाट्याची पिरोगी होती, कॅझची सॉसेज होती. कुणी पाठ थोपटत होतं, कुणी म्हणत होतं, आता तरी घरी बसून विणकाम कर. मिली हसत होती. उजव्या हातात काठोकाठ भरलेला कॉफीचा कप होता आणि एक थेंब हलत नव्हता. तीस वर्षांची गोष्ट पुरी झाली होती, आणि तिला मनापासून बरं वाटत होतं.

दारातून वर्ना डुबिच आली. चर्चला जायचा काळा कोट, केस नीट विंचरलेले, ओठांना थोडा रंग. ती कुणाशी न बोलता सरळ मिलीपाशी आली.

"झालं तुझं काम?"

"झालं. तुमच्यामुळे झालं, बाई."

वर्नाबाईंनी तिच्या हातातला कप काढून टेबलावर ठेवला आणि तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्या मिलीच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. हाताकडे बघत होत्या.

मिलीला वाटलं, आता हात मागे घ्यावा. तिनं घेतला. हात तिथंच राहिला.

मग तिला दिसलं की आपला अंगठा हलतोय. त्यानं म्हातारीच्या बोटातली लग्नाची अंगठी शोधली आणि तो ती फिरवू लागला, सावकाश, अर्धा वेढा पुढे, अर्धा मागे, वर्षानुवर्षांची सवय असल्यासारखा. मिली ते करत नव्हती.

वर्नाबाईंनी डोळे मिटले आणि बोट थोडं वर उचललं, अंगठी नीट फिरावी म्हणून.