पाहिल्याशिवाय रेघ नाही

नागभीडजवळच्या रंजीताचा नवरा डोमा जहाजावर खलाशी होता. चित्रं काढायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं. समुद्र काढायचा तोही धानाच्या बांधीसारखा, पाणी भरलेल्या शेतासारखा. पण हट्ट एकच, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रेघ ओढायची नाही. लग्नानंतर रंजीतानं मोर काढ म्हटलं, तर गडी मोर शोधत तीन दिवस जंगलात हिंडला होता.

कंपनीनं त्याची पेटी पाठवली आणि कळवलं, डोमा बंदरावर उतरून पळाला. गावाला तेवढंच हवं होतं. म्हणे, तिकडं दुसरी केली. रंजीताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात जातानाही सांगून जाणारा माणूस असा पळेल?

पेटीत वही होती. वीस पानं भरलेली, पुढची कोरी. तिनं एकेक उलटून पाहिली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकविसावं पान भरलेलं दिसलं. जहाजच होतं, पण खालून पाहिलेलं. रुंद काळं पोट, पंखा, चिकटलेलं शेवाळ. पान ओलसर होतं. तिनं बोट जिभेला लावलं. खारट.

शेजारचे लटारूभाऊ म्हणाले, "तूच काढलं असशीन, बाई."

"मले साधं कमळ काढता येत नाई, भाऊ."

आठवड्यानं कंपनीचा साहेब आला. ओसरीवर बसून त्यानं कागद पुढं केला. "नवरा स्वतःहून पळाला, एवढंच लिहिलंय. सही करा, म्हणजे शोध बंद करता येईल."

"काऊन करू? तुम्ही पाह्यलं का त्याले पळताना?"

"मी ऑफिसातला माणूस. जहाजावर कधी पाय ठेवला नाही."

कागद धरलेल्या हाताची करंगळी अर्धीच होती.

रंजीता आत गेली, वही घेऊन आली. बाविसावं पानही आता कोरं नव्हतं. पाण्यातून वर पाहावं तसा कठडा, त्यावरून वाकलेला साहेब, आणि कठड्यावरच्या हाताची करंगळी अर्धी.

तिनं वही त्याच्यासमोर ठेवली. "माहा नवरा पाह्यल्याबिगर काढत नाई, साहेब."

साहेबानं पान पाहिलं. मग कागद तिथंच टाकून उठला आणि धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, भराभर सडकेकडे निघाला.

ती वही मिटायला गेली.

तेविसावं पान भरलं होतं.

हिरवी बांधी, धुरा, आणि धुऱ्यावरून चाललेल्या साहेबाची पाठ. कॉलरचा उसवलेला दोराही दिसेल, इतक्या जवळून काढलेली.