दात उमटलेला पट्टा

ही घटना खरी आहे. माझा मेव्हणा रॉयस याच्या बाबतीत घडलेली. खरीच असणार, कारण असलं काही रचून सांगायला डोकं लागतं.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. इलिनॉयमधलं आमचं गेल्सबर्ग. जिकडे बघाल तिकडे रेल्वेचे रूळ.

रॉयसला जुन्या घड्याळांचं खूळ लागलं होतं. चार व्हिडिओ काय पाहिले, साहेब एकदम जाणकार! गावातल्या लिंडक्विस्ट आजीने नवरा गेल्यावर घरातलं सामान विकायला काढलं, तर हा सगळ्यांच्या आधी दारात हजर.

तिथे त्याला ते सापडलं. साठच्या दशकातलं इलेक्ट्रॉनिक मनगटी घड्याळ. आत शाळेत ध्वनीच्या धड्याला वाजवून दाखवतात तसला नादकाटा, पण नखाएवढा. हे घड्याळ टिकटिक करत नाही...

गुणगुणतं.

पट्ट्यावर दातांच्या खुणा होत्या.

"आजी, हे कुत्र्याने चघळलंय का?"

"माझ्या नवऱ्याने, अर्लने," आजी म्हणाली. "जन्मभर इंजिन चालवलं, त्यात कान गेले बिचाऱ्याचे. मग हे दातांत धरून बसायचा. हाडांतून ऐकू येतं म्हणायचा. शेवटी तेवढंच ऐकू यायचं रे त्याला. बाळा, बंद नको पडू देऊस."

"म्हणजे खराब माल," असं म्हणून या भामट्याने किंमत पाडून घेतली. कालपरवा नवरा गेलेल्या बाईशी घासाघीस! लाज म्हणून नाही.

घरी येऊन त्याने बॅटरी बदलली, तीही चुकीची. या घड्याळांना कमी व्होल्टची बॅटरी लागते, हे आमच्या जाणकारांना ठाऊकच नव्हतं. काटे सुसाट पळायला लागले. "म्हातारीने फसवलं!" म्हणत त्याने बॅटरी उपटली, जुना पट्टा कचऱ्यात टाकला, नवा चढवला आणि घड्याळ कपाटात ठेवून दिलं.

सकाळी माझी बहीण मार्नी त्याला म्हणाली, "अरे, ते घड्याळ बंद कर ना. डोकं भणभणतंय."

"येडे, बॅटरीच नाहीये त्यात!"

त्याने कपाट उघडलं...

नव्या पट्ट्यावर दात उमटले होते.

ओले.

आणि या महाभागाने काय विचारावं? "मार्नी, तू चावलीस का गं याला?"

त्यानंतर मार्नीला कमी ऐकू यायला लागलं. आधी फोन. मग किटलीची शिट्टी. मग खुद्द रॉयस. ते काही मोठं नुकसान नव्हतं म्हणा. पण मार्नी शाळेची बस चालवायची. रुळांपाशी बस थांबवायची, दार उघडायचं, कान द्यायचा, मगच पुढे जायचं. नियमच आहे तसा.

"रॉयस, दार उघडलं तरी मला ती गुणगुणच ऐकू येते. मागे पोरं बसलेली असतात रे! हात जोडते, परत देऊन टाक ते."

"एवढ्या स्वस्तात पुन्हा मिळेल का? नाटकं पुरे तुझी."

नाटकंच आहेत हे दाखवून द्यायला तो तिच्याबरोबर घरच्या गाडीतून निघाला. भर दुपार, लख्ख ऊन. घड्याळ कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली याच्या खिशात.

गावाबाहेर, फाटक नसलेल्या रुळांपाशी तिने गाडी थांबवली. काच खाली केली. कान दिला.

मालगाडी भोंगा वाजवत येत होती... अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा.

मार्नीने गाडी पुढे घेतली.

"मार्नी! थांब!"

रॉयसने हँडब्रेक ओढला. नाकासमोरून डबे धडधडत गेले. त्याने तिच्याकडे पाहिलं...

तिच्या दातांत पट्टा होता.

घड्याळ ओठांबाहेर लोंबत होतं. गुणगुणत.

दात न उघडता, जाड्याभरड्या म्हाताऱ्या आवाजात ती म्हणाली, "गाडी वेळेवर आहे."

मार्नीला यातलं काही आठवत नाही. रॉयसने घड्याळ आजीला परत दिलं असेल, असं वाटतंय ना? छे! आठवड्याभरात ऑनलाइन विकलं. वर लिहिलं, 'उत्तम स्थितीत'. कुणी घेतलं, असं विचारलं तर म्हणतो, "मला काय करायचंय?" थू असल्या माणसावर.

घड्याळ गेलं, पण मार्नीचे कान काही परत आले नाहीत. बसची नोकरी सुटली ती सुटलीच.

परवा मी तिच्याकडे गेलो. हाका मारल्या, शेवटी खांदा हलवला. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"थांब ना दादा... अर्लला ऐकू दे."

तेव्हापासून तिच्यासमोर तोंड उघडायची मला भीती वाटते.