साक्षीचा डबा

आमच्या कारखान्यात डबे होतात. कल्हईदार पत्र्याचे, पोलादाचे, ॲल्युमिनियमचे. भिंत इतकी पातळ की अंगठ्याने पोचा पडावा. मी तपासनीस. बंद डब्यावर काठीने टिचकी मारायची आणि कान द्यायचा. पत्र्याचा डबा बडबड्या, पोलादाचा घुम्या, ॲल्युमिनियमचा चहाडखोर. कुजबुजतो, पण सगळं सांगतो. सतरा वर्षांत माणसंही मी अशीच ओळखायला शिकलो.

दर पाळीला एक रिकामा डबा सीलबंद करून फळीवर ठेवायचा, असा आमचा शिरस्ता. तो साक्षीचा डबा. वर्षाने तो कापून झाकणाच्या जोडाची शिवण टिकली का बघायचं, मग भंगारात.

हे डबे माझी बायको बंद करायची. झाकण बसवताना हात हलू नये म्हणून श्वास रोखून धरायची. झाकण दाबणाऱ्या यंत्राचं चाक थांबलं की लांब श्वास सोडून म्हणायची, "जगले बाई!" सगळे हसायचे. रोज तोच विनोद, रोज तेच हसणं.

गेल्या वर्षी एका दुपारी चाक थांबलं आणि ती काहीच बोलली नाही. ॲल्युमिनियमचा डबा हातात धरूनच खाली बसली. डॉक्टर म्हणाले, हृदय.

तो डबा या सोमवारी कापायचा होता.

"काका, एकदाचे कापून मोकळे व्हा," प्रेसवरचा खडखड्या म्हणाला. त्याचं तोंड प्रेसपेक्षा जोरात चालतं. "होत नसेल तर मी कापतो."

"आधी तुझी जीभ काप."

मी दुसराच डबा कापला, त्यावर तिच्या पाळीची तारीख ठोकली आणि तिचा डबा जेवणाच्या पिशवीतून घरी आणला. दुसऱ्या कुणी ही लबाडी केली असती, तर मीच पकडली असती.

वर्षभर घरात माझ्याशी बोलला तो फक्त गळका नळ. डबा टेबलावर ठेवून सवयीने टिचकी मारली. आवाज भरीव आला. वजन केलं, तर रिकाम्याचंच.

मग झाकण हललं. केसभर वर. थोड्या वेळाने केसभर खाली.

उन्हाने असेल, म्हणून सावलीत ठेवला. वर, खाली. शिवणीला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. हवा ना आत, ना बाहेर. तिच्या कामात खोड काढायला कधी जागाच नसायची.

मंगळवारी मी मोजलं, मिनिटाला बारा. बुधवारी सात. गुरुवारी सकाळी दोन.

उघडला तर ती जाणार. बंद ठेवला तर गुदमरणार.

"जग गं," म्हणालो, आणि ओपनर टोचला.

वाटलं होतं, वर्षभर कोंडलेला श्वास सुटेल.

तसं झालं नाही. डब्याने हवा आत ओढली. लांब. खिडकीचा पडदा टेबलाकडे झुकला.

मग सगळं थांबलं.

झाकण पूर्ण कापलं. डबा रिकामा. झाकण तेवढं आतून ओलसर.

डबा उघडल्याला आज चौथा दिवस. मी कामावर गेलेलो नाही. दार-खिडक्या लावून घेतल्यात, फटींवर चिकटपट्टी मारलीय. साबणाच्या पाण्याने तपासूनही पाहिलं. एक बुडबुडा नाही.

घेतलेला श्वास तिने अजून सोडलेला नाही.