व्हॉल्व्हवर कोण?

आरोहीनं ताटावरून उठता उठता सहज सांगितलं, की आज पाइपात ती स्वतः उतरणार आहे... आणि सत्यशीलाच्या हातातली भाकरी तव्यावर नीट पडलीच नाही, अर्धी बाहेर लोंबकळत राहिली. लेकीला अडवावं, ओरडावं, असं पुष्कळ मनात आलं. पण तोंडातून बाहेर पडला तो एकच प्रश्न.

"व्हॉल्व्हवर कोण बसणार हाय?"

"रामेश्वर काका. दुसरं कोण?" म्हणत आरोही हात धुवायला गेली.

दुसऱ्या कुणाला या उत्तरानं धीरच आला असता. 'रामेश्वर पाइपलाइन वर्क्स'मध्ये माणूस पाइपाच्या आत असला, की पाणी अडवणाऱ्या व्हॉल्व्हवर स्वतः रामेश्वर बसतो आणि आतलं माणूस डोळ्यांनी बाहेर पाहिल्याशिवाय चाकाला कुणाला हात लावू देत नाही, हे बीडपासून आष्टीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण सत्यशीलाला आठवला तो बारा वर्षांपूर्वीचा रामेश्वर... कानाला पट्टी बांधून दवाखान्याच्या खाटेवर पडलेला, आणि तिच्याकडे रोखून पाहत म्हणालेला, "वहिनी, तुमचं लेकरू आत असंल ना, तवा कळंल तुमाला." त्यानंतर तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. एकाच घरात राहून काही हवं असलं तर आरोहीकरवी सांगे, आणि ती समोर आली की उठून जाई.

ही कंपनी रामेश्वर आणि त्याच्या थोरल्या भावानं मिळून उभी केलेली. घरची जमीन भरपूर, नावही मोठं. पण थोरल्या विजयसिंहाला, म्हणजे सत्यशीलाच्या नवऱ्याला, स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. कुठेतरी त्यानं हे काम पाहिलं आणि त्याचं डोकंच फिरलं. रस्ता उकरायचा नाही, उभं पीक मोडायचं नाही, जुन्या गळक्या पाइपाच्या पोटातच नवा थर चढवायचा! गावानं पहिल्यांदा खूप चेष्टा केली, म्हाताऱ्याला नवं आतडं बसवायला निघालेत म्हणून. मग उमापूरचं काम झालं, कडा गावाकडची लाइन झाली, आणि एकेका शहराच्या पाणीयोजना आपणहून चालत आल्या. आता कंपनीकडे पाइपातून फिरणारी कॅमेऱ्याची गाडी होती, बीडला ऑफिस होतं, संभाजीनगरला मिळालेला पुरस्कार होता, आणि दिवाळी सरली की कोयता घेऊन ऊसतोडीच्या ट्रकात चढणारी कितीतरी कुटुंबं आता गावातच राहून या कामावर जगत होती. विजयसिंहानं कंपनीला धाकट्याचं नाव दिलं तेव्हा लोकांनी या बंधुप्रेमाचे गोडवे गायले. त्या नावामागची वेदना फक्त सत्यशीलाला माहीत होती.

उमापूरच्या त्या पहिल्याच कामावर रामेश्वर आत गेला होता आणि घरचं माणूस म्हणून व्हॉल्व्हवर सत्यशीला बसली होती. विजयसिंह घाईघाईनं आला. सरपंच खोळंबलेत, तू वस्तीवरून चहा घेऊन ये, मी थांबतो इथं, म्हणाला. ती गेली. तेवढ्यात रामेश्वर बाहेर निघाला असं लांबून कुणीतरी ओरडलं, आणि विजयसिंहानं चाक फिरवलं... किटली घेऊन ती परतली तेव्हा पाइपात पाणी गडगडत होतं आणि तिचा नवरा चाकाला धरून पांढराफटक उभा होता. बाभळींच्या आड होता तो व्हॉल्व्ह. दुसरं कुणी पाहणारं नव्हतं. पलीकडच्या खड्ड्यात रामेश्वर सापडला. जीव वाचला, पण एक कान गेला, छाती कायमची दुबळी झाली, आणि ठरलेली सोयरीक मोडली ती मोडलीच.

माणसं जमली आणि त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. जमीन दोघांच्या नावावर... थोरला व्हॉल्व्हपाशीच होता म्हणे... पुढचं कुणी बोलत नव्हतं, पण सत्यशीलाला ते ऐकू येत होतं. ही कुजबुज एकदा घरात शिरली की भाऊ भावाचा वैरी होणार, सासूच्या डोळ्यांदेखत घराचे दोन तुकडे होणार! तिनं डोळे मिटले आणि सांगून टाकलं, "चाक माझ्या हातनं फिरलं." लोकांना ते लगेच पटलं. बाईमाणसाला यंत्रातलं काय कळतंय, म्हणून सगळे मोकळे झाले. विजयसिंह तिच्यापुढे ढसाढसा रडला. रामू बरा होऊ दे, मी स्वतः सांगतो त्याला, म्हणाला. रामू बरा झाला. मग मोठं काम मिळालं, मग मशिनरी आली, मग सासूबाई गेल्या, आणि सांगायचं ते दरवेळी थोडं पुढे ढकललं गेलं. तीही गप्प राहिली. घर एकत्र होतं ना... तेवढ्यावर तिनं दिवस काढले.

पण आज तिच्या पोटचा गोळा त्या पाइपात उतरणार होता.

ती खोलीत गेली तेव्हा विजयसिंह कडक इस्त्रीचा शर्ट घालून फोनवर बोलत होता. नांदूरघाटच्या लाइनचं काम संपलं होतं, आज आमदारांच्या हस्ते पाणी सुटायचं होतं. पण कॅमेऱ्यात एका ठिकाणी नवा थर फुगलेला दिसला, आणि ती जागा हे काम सांभाळणाऱ्या आरोहीला आत जाऊन हातानंच पाहावी लागणार होती. सत्यशीलानं त्याला विनवलं. पोरीला थांबवा, नाहीतर निदान भाऊजींना आजच सगळं खरं सांगा, माझा जीव थाऱ्यावर नाही. विजयसिंहानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आज आमदार यायचेत, आज हा विषय कशाला, असं काहीसं पुटपुटत तो जिन्यावरून खाली गेला.

मग तीच निघाली. बारा वर्षांत कंपनीच्या एकाही कामावर तिनं पाऊल ठेवलं नव्हतं. आज न बोलावता रिक्षानं गेली. मांडव घातलेला, फ्लेक्सवर दोघा भावांचे हसरे फोटो, नळ सुटणार म्हणून बाया हंडे घेऊन आलेल्या. मांडवापासून थोडं दूर, व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत रामेश्वर बसला होता, चांगला कान वॉकीटॉकीला लावून. तिला पाहताच त्याच्या कपाळाला आठी पडली आणि त्यानं मान वळवली. ती समोरच्या कडुलिंबाखाली अशा ठिकाणी बसली, की तिथून तिला त्याचे हात दिसत राहावेत.

आरोहीनं डोक्याला हेल्मेट चढवलं, अंगात पिवळं जाकीट घातलं. काकानं तिचा पट्टा ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला, काहीतरी चेष्टा केली, ती हसली. याच काकानं तिला सायकल शिकवली होती, तापात रात्ररात्र उशाशी बसला होता. सत्यशीलाला हे सगळं दिसत होतं, कळत होतं, आणि तरी तिची नजर त्याच्या हातांवरून हलत नव्हती... एवढी वर्षं मनात धरलेला राग माणसाला काय करायला लावील, कोण सांगणार? आरोही आणि तिच्याबरोबर सटवा नावाचा कामगार, दोघं खड्ड्याशेजारच्या पाइपाच्या तोंडातून रांगत आत शिरले. पिवळं जाकीट अंधारात दिसेनासं झालं, आणि सत्यशीलानं पदराचं टोक दातांत धरलं.

वेळ जाता जाईना. आमदार आले, हार झाले, भाषण सुरू झालं. रामेश्वर वॉकीटॉकीत पुन्हा पुन्हा हाक मारत होता, आणि त्याचा आवाज हळूहळू चढत चालला होता. आतून उत्तर येत नव्हतं. सत्यशीला उठून उभी राहिली. तेवढ्यात विजयसिंह मांडवातून पळतच आला.

पलीकडच्या तोंडाशी बंकट मुकादम होता, त्याचा फोन आला होता. हेल्मेटवालं माणूस बाहेर आलं म्हणे. आता पाणी सोड, साहेब लोक घड्याळ बघतायत, असं विजयसिंह म्हणाला. रामेश्वर खुर्चीतून हलला नाही. मी पोरीला बघितलं नाही, तोवर चाक फिरणार नाही, एवढंच म्हणाला. विजयसिंह चिडला. बंकट काय खोटं बोलतोय का, आयुष्यभर असाच भीत बसणार का, असं ओरडत तो स्वतःच खड्ड्यात उतरला आणि त्यानं चाकाला दोन्ही हात घातले...

सत्यशीला कशी धावली तिचं तिलाच कळलं नाही. तिनं चाकावर अंग टाकलं, नवऱ्याच्या हातांवर आपले हात आवळले.

"सोडा! मागल्या बारीलाबी तुमी असंच केलतं! कुणीतरी निघाला म्हणलं अन् तुमी चाक फिरवलतं... भाऊजी आत असताना! मी माझ्या माथी घेतलं. पण आज माझी लेक आत हाय, आज मी मरंन पर न्हाई सोडायची!"

लाउडस्पीकरवर भाषण चालूच होतं. विजयसिंहाचे हात चाकावरून आपोआप गळून पडले. रामेश्वरनं आधी भावाकडे पाहिलं. भाऊ मान वर करीना. मग त्यानं वहिनीकडे पाहिलं, बारा वर्षांत पहिल्यांदाच, आणि त्याचा चेहरा असा काही झाला की आपण काय केलं ते सत्यशीलाला उमजलं. बोलून गेलो आपण... जे जपण्यासाठी आयुष्य जाळलं, ते आपल्याच तोंडानं मोडलं!

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. बाहेर आला होता तो सटवा होता. नव्या थराच्या रसायनाचा वास डोक्यात चढून तो चक्कर येऊन पडला होता, आता कुठे शुद्धीवर येऊन सांगत होता, की ताई आतच आहेत, हाक मारली तरी बोलत नाहीत.

रामेश्वर उठला. त्या अपघातानंतर तो पाइपात कधी शिरला नव्हता. घरात झोपताना दारसुद्धा लोटून घेत नसे, लिफ्ट पाहिली की जिना चढे. आत हवा सोडणारा पंखा त्यानं जोरात चालू करायला लावला, ओला रुमाल तोंडावर बांधला, कमरेला दोर बांधला. गाठ त्यानं दोनदा ओढून पाहिली. पाइपाच्या तोंडाशी तो मागे वळला आणि म्हणाला,

"वहिनी, चाकावर तुमी बसा. दादाला हात लावू देऊ नका."

आणि तो आत गेला.

सत्यशीला चाकाला मिठी मारून बसली. वरच्या अंगाला अडवलेलं पाणी लोखंडाला थडकत होतं, आणि त्याची थरथर तिच्या तळहातांना जाणवत होती. आता आत लेक होती आणि दीरही. ज्या हातांची दहशत घेऊन ती सकाळपासून कासावीस झाली होती, ते हात तिच्या लेकीला शोधत अंधारात रांगत होते. आणि ज्या हातांवर विसंबून संसार केला, ते... तिला नवऱ्याकडे पाहवेना. तो दोन पावलांवर उभा राहून काहीतरी बोलू पाहत होता, पण तिनं ऐकून घेतलं नाही.

दोर हलला. मग ताणला गेला. माणसांनी तो हातावर हात टाकत ओढला, आणि आधी आरोहीचं हेल्मेट दिसलं, दोर आता तिच्या कमरेला होता, मग तिला मागून ढकलत येणारा रामेश्वर. आरोहीला उलटी झाली, तिनं खोल श्वास ओढला आणि लहान मुलीसारखी "आई" म्हणून रडू लागली. सत्यशीलानं तिला पोटाशी घेतलं. रामेश्वर बाजूला हातापायांवर ओणवा होऊन खोकत होता. दम परत येईना, तरी कुणी जवळ आलं की हातानं बाजूला सारत होता.

एव्हाना मांडव रिकामा होऊन सगळे इथंच जमले होते. आमदार होते, पाणीपुरवठ्याचे साहेब होते. पोरगी आत असताना पाणी सोडायला निघालं कोण, असं साहेबांनी दरडावून विचारलं. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. पाठीमागे कुणीतरी हळूच बोललं, थोरलाच होता ना चाकावर... आणि तीच कुजबुज, बारा वर्षांपूर्वीची, पुन्हा पाय पसरू लागली.

रामेश्वर गुडघ्यांवर उठला. भावाकडे न पाहता तो म्हणाला, "मी. माझ्या हातनं चुकत होतं साहेब."

सत्यशीलानं चमकून वर पाहिलं. हेच... अगदी हेच वाक्य तिनं एकदा असंच, अशाच माणसांपुढे उच्चारलं होतं! त्या वाक्यानं घर वाचलं होतं आणि त्याच वाक्यानं या माणसाच्या आणि तिच्या आयुष्यात विष कालवलं होतं. आता ते वाक्य तो उचलत होता. आरोहीला तसंच कवटाळून ती म्हणाली, आणि तिचा आवाज जराही कापला नाही, "न्हाई भाऊजी. आता आनखी कुणी दुसऱ्याचं माथी घ्यायचं न्हाई."

ती नवऱ्याकडे पाहत राहिली. रामेश्वरही आता पाहत होता. विजयसिंहानं कॉलर सैल केली, ओठांवरून जीभ फिरवली, फ्लेक्सकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. शेवटी त्याचा आवाज आला तो ओळखू येत नव्हता.

"मी फिरवत होतो साहेब. माझी स्वतःची पोरगी आत होती अन् मी फिरवत होतो. बायकोनं धरलं म्हणून..." मग रामेश्वरकडे वळला. "अन् उमापूरलाबी मीच सोडलतं, रामू. तिचा हात नव्हता."

तो खाली बसायला गेला आणि कोलमडला. त्याला सावरायला पुढे झाला तो रामेश्वरच. त्याच्याकडे पाहिलंही नाही. काखेत हात घालून त्याला खुर्चीत बसवलं आणि बाजूला झाला.

त्या दिवशी पाणी सुटलं नाही. आमदारांच्या गाड्या गेल्या, साहेबांनी काम थांबवून चौकशी लावली, आरोहीला गाडीत झोपवलं. माणसं पांगली तरी सत्यशीला व्हॉल्व्हच्या कठड्यावरच बसून होती. रामेश्वर तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"इतकी वर्सं काहून गप बसलात वहिनी? मी तुमच्या सावलीला उभा ऱ्हायलो न्हाई... एकदा तरी बोलायचं."

सत्यशीलानं वर पाहिलं. त्याचे केस चिखलानं माखले होते, कोपरं सोलवटली होती.

"अन् तुमी आत्ता काहून म्हणलात भाऊजी, की माझ्या हातनं चुकत होतं?"

रामेश्वरनं खुर्चीत मान खाली घालून बसलेल्या भावाकडे एकदा पाहिलं. तो वहिनीच्या पायाशी मातीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला.